पुढच्या गाडीची चाकं दिसली पाहिजेत

माझे वडील जव्हार ते मोखाडा जीप चालवायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आयुष्यात त्यांनी कोणाला धडक दिली नाही आणि आयुष्यात ते कुठं वेळेवर पोचले नाहीत. दोन्हीचं कारण एकच. पुढची गाडी थांबली की अण्णा आपली जीप तिच्यापासून चांगली लांब उभी करायचे. किती लांब, तर बसल्या जागेवरून पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत. चाकं दिसत नसली तर आपण फार जवळ आलो. हा नियम त्यांना कोणी शिकवला नव्हता. माझ्या जन्माआधी कधीतरी घाटात एक लाकडाचा ट्रक मागं घसरत येऊन त्यांच्या बॉनेटवर बसला होता. बॉनेटला पडलेला खड्डा अण्णांनी कधी ठोकून सरळ केला नाही. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं आणि सकाळी कावळे येऊन प्यायचे. आई म्हणायची, कावळ्यांना तरी या गाडीचा उपयोग आहे.

अण्णांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चढावर पुढची गाडी सुटली तर ती मागंच येणार. बंद पडली तर आपल्याला बाजूनं निघायला जागा हवी. मागून कोणी ठोकलं तर आपण पुढच्यावर आदळत नाही. आता मी पुतण्याच्या मोटारीतून ठाण्याला डोळे दाखवायला जाते, तेव्हा महामार्गावर बघते, सगळ्या गाड्या एकमेकींच्या बुडाला नाक लावून उभ्या असतात. मी म्हणते, अरे, जरा जागा सोड. तो म्हणतो, काकू, जागा सोडली की रिक्षा घुसते. घुसू दे, असं म्हणायची माझी हिंमत होत नाही, कारण घुसू दिल्यावर काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

आमचं घर बाजाराच्या मागच्या आळीत, दोन खोल्या आणि पुढं पडवी. पहाटे पहिला आवाज अण्णांच्या खोकल्याचा आणि दुसरा जीपच्या हँडलचा. दोन्ही एका झटक्यात सुरू होत नसत. जीप सुरू झाली की भिंतीवरची भांडी वाजायची आणि आई चुलीपुढून ओरडायची, "आता बंद करू नका तिला!" नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी फडक्यात बांधून ती अण्णांच्या हातात द्यायची. कधी सुका बोंबील भाजलेला असायचा, मग दिवसभर जीपमधल्या माणसांना तो वास घेत बसावं लागे. मी चौथी पास झाले आणि माझी शाळा संपली. हुशार नव्हते असं नाही. घरात पाणी भरायला माणूस नव्हतं.

नियम गाडीपुरता राहिला असता तर आमचं बरं चाललं असतं. पण अण्णांना रांग म्हणजे रांग. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, देवळात, सगळीकडे पुढच्या माणसाच्या टाचा जमिनीला टेकलेल्या दिसल्या पाहिजेत. अण्णा रेशनच्या रांगेत उभे आहेत असं कळलं की आळीतली माणसं घरून निवांत निघायची. अण्णांच्या पुढं कायम जागा असायची. एकदा शेजारच्या म्हाताऱ्याच्या मयताला गेले, तर तिथंही एवढे मागं राहिले की मध्ये वरच्या आळीचं दुसरं मयत येऊन मिळालं, आणि अण्णा भलत्याच माणसाला खांदा देऊन, लाकूड टाकून परत आले. आंघोळ करून जेवायला बसले तेव्हा म्हणाले, "तोही माणूस चांगला होता म्हणे."

मलाही तीच शिस्त. नळावर हंड्यामागं हंडा चिकटवून ठेवायचा नाही. मी जागा सोडून हंडा ठेवायचे आणि त्या जागेत बायका हंडे, कळशा, बादल्या ठेवायच्या, एकदा तर एकीनं दोन पोरं उभी केली. माझी पाळी येईपर्यंत नळ नुसता फुसफुसायचा. अर्धा हंडा घेऊन घरी आले की आई अण्णांना म्हणायची, "तुमच्या त्या भोकात अख्खं जव्हार शिरलं." अण्णा म्हणायचे, "शिरू दे. आपल्याला कोणी ठोकलं का?"

तर अशा घरातून मला निघायचं होतं. नवरा कसा मिळेल याचा मी फारसा विचार केला नव्हता. मोखाड्याची माणसं मला बघायला आली तेव्हा मुलगा खाली मान घालून पोहे खात होता. तो जव्हारलाच कचेरीत कारकून, घर मोखाड्याला, दर शनिवारी फटफटीवरून घरी जायचा. एवढं कळलं. मग त्याची आई, म्हणजे माझी पुढची सासू, बोलता बोलता म्हणाली, "आमच्या परसात विहीर आहे."

मी विचारलं, "कोणाची?"

"आमची. दुसऱ्या कोणाची असणार?"

"मग रांग कुठपर्यंत असते?"

"कसली रांग?"

मला आणखी काही विचारायचं नव्हतं. मी मुलाकडे परत बघितलंसुद्धा नाही. ती विहीर होळीच्या आधीच आटते हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं असतं तरी कोणी सांगितलं नसतं.

साखरपुडा मोखाड्याला ठरला, कारण सासूबाईंचा पाय दुखत होता आणि त्यांना घाट उतरवत नव्हता. दिवस उन्हाळ्याचे. दुसऱ्या दिवसापासून अधिक महिना लागत होता, त्यात असलं काही करत नाहीत. सूर्य मावळायच्या आत ओटी भरली गेली पाहिजे, असं त्यांच्या भटजींनी सांगितलं होतं. आणि सासूबाईंनी निरोपात आणखी एक गोष्ट घातली होती. विक्रमगडची एक मुलगी त्यांनी बघून ठेवली आहे, ती जरा काळी आहे, पण तिचा बाप वेळ पाळतो. अण्णांची कीर्ती घाट चढून वर गेली होती.

त्या दिवशी मी नवी साडी नेसून जीपमध्ये बसले, मांडीवर करंज्यांचा डबा. आई शेजारी, तिच्या पिशवीत नवऱ्या मुलाला द्यायचा टॉवेल, टोपी आणि नारळ. अण्णा जीप घेऊन थेट स्टँडवर गेले. रिकामी गाडी कशाला न्यायची, म्हणून त्यांनी बाजाराची माणसं भरली. माझ्या पायाशी दाभोशाची बुधी नावाची बाई येऊन बसली, तिच्या टोपलीत तीन कोंबड्या. आई तोंडाला पदर लावून म्हणाली, "पोरीचा साखरपुडा आहे हो." अण्णा म्हणाले, "मग? कोंबड्या काय नको म्हणतायत?"

मधल्या घाटाच्या पायथ्याशी चहाची टपरी होती, तिथं अण्णांनी चहा घेतला आणि टपरीवाल्याला सांगितलं, लेकीचा साखरपुडा आहे, मोखाड्याला चाललोय. मग आम्ही घाट चढायला लागलो आणि वरच्या वळणाच्या अलीकडे थांबलो. पुढं गवताचा ट्रक बंद पडला होता. गवताच्या गासड्या रचून रचून त्याचं पोट दोन्ही बाजूंना एवढं बाहेर आलं होतं की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी, मधून बकरीसुद्धा जाईना. अण्णांनी जीप थांबवली. ट्रकची मागची चाकं नीट दिसत होती. आमच्या आणि ट्रकच्या मध्ये एक जीप आरामात मावेल एवढी जागा होती.

म्हणून त्यात एक जीप मावली. मागून आली, हॉर्न वाजवला, बाजूनं चाकं मातीत घालून पुढं गेली आणि आमच्यासमोर उभी राहिली. अण्णांनी मान पुढं काढून बघितलं. तिची चाकं दिसेनात. त्यांनी ब्रेक सैल केला आणि आमची जीप आपोआप मागं घरंगळली, चाकं दिसेपर्यंत. मग परत ब्रेक. आता पुन्हा जागा झाली. तिच्यात एक टेम्पो आला. अण्णांनी परत ब्रेक सैल केला.

अधिक महिन्याच्या आधीचा शेवटचा मुहूर्त, त्यामुळं सगळ्या मुलखातली लग्नं त्याच दिवशी. एकामागून एक वऱ्हाडं येत होती आणि प्रत्येकाला आमच्यापुढं जागा दिसत होती. आमच्या मागं कोणी थांबतच नव्हतं, त्यामुळं मागचा रस्ता कायम मोकळा. आम्ही सुखानं मागं मागं चाललो होतो. बाजारची माणसं एकेक करून उतरली आणि चालत पुढं गेली. जाताना एक म्हातारा म्हणाला, "ड्रायव्हर, जव्हार आलां की हाक मार रं." बुधी मात्र बसून राहिली, टोपली जड होती.

तिनं मला विचारलं, "बाय, तुझा बापूस मागं कशाला जातो?"

"पुढच्या गाडीची चाकं दिसत नाहीत म्हणून."

"ती बघून काय करायचां?"

आई म्हणाली, "अहो, पुढं घ्या ना. चिकटून उभं राहा एकदा तरी. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"जन्माचाच प्रश्न आहे," अण्णा म्हणाले. "ट्रक सुटला म्हणजे?"

"ट्रक आता कुठं आहे? मला तर दिसतसुद्धा नाही!"

खरंच दिसत नव्हता. दोन वळणं वर राहिला होता. मग एका वऱ्हाडाचा बँडवाल्यांचा टेम्पो आमच्यापुढं येऊन थांबला. बसून कंटाळलेले बँडवाले वाजवायला लागले. ते मोठ्यानं वाजवत होते आणि आम्ही त्यांच्यापासून हळूहळू लांब जात होतो, तरी आवाज कमी होईना. ऊन मानेवर आलं. करंज्यांचा डबा तापला. शेवटी जीप टपरीपाशी येऊन टेकली. टपरीवाला फडकं खांद्यावर टाकून बाहेर आला. "आलात पण? झाला साखरपुडा?" अण्णा म्हणाले, "व्हायचाय. चहा दे."

चहा पिताना मागून फटफटी आली. वर माझं होणारं माणूस, कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघालेलं, नवा सदरा घातलेलं. फटफटीला काय, कुठूनही निघून गेले असते. पण आम्हाला बघून हे थांबले, उतरले, अण्णांना वाकून नमस्कार केला आणि फटफटी आमच्या जीपच्या मागं लावली.

आईला वाटलं, देवच आला. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. घरी सांगा, आम्ही येतोच."

हे म्हणाले, "छे छे. अण्णांच्या पुढं कसा जाऊ?"

अण्णा म्हणाले, "असं कसं? तुम्ही नवरदेव. तुमचा मान."

"तुम्ही वडीलधारे. आधी तुम्ही."

"नाही नाही, आधी तुम्ही."

तेवढ्यात आणखी एक वऱ्हाड येऊन पुढं लागलं. अण्णा जीपमध्ये चढले आणि त्यांनी ब्रेक सैल केला. जीप मागं येताना बघून यांनीही फटफटीवर टांग टाकली आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवत टेकवत फटफटी मागं ढकलली. होणारे सासरे मागं आले तेवढे हेही मागं गेले, वर हसून मान डोलावली, चालू द्या, अशी. बुधीनं ते बघितलं आणि म्हणाली, "बाय, हा तुझा नवरा?"

"अजून नाही."

"मंग बरां हाय," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन उतरली.

मी सूर्याकडे बघितलं. तो डोंगराकडे निघाला होता आणि मागं जात नव्हता. मला ती विहीर दिसायला लागली, तिच्या काठावर विक्रमगडची मुलगी पोहरा घेऊन उभी. मी डबा काखेत मारला आणि उतरले. आई म्हणाली, "कुठं?" मी म्हटलं, "साखरपुड्याला." आईनं अण्णांकडे बघितलं, मागं फटफटीकडे बघितलं. मग म्हणाली, "जा. मी थांबते यांच्यापाशी. नाहीतर हे रात्री डहाणूला सापडायचे."

बुधी पुढं आणि मी मागं, असा आम्ही तो घाट चढलो. सकाळपासून आमच्यापुढं शिरलेली एकेक गाडी मला परत बघायला मिळाली. माणसं सावलीला उतरून बसली होती. कोणी म्हणालं, "नवरी पळाली रे!" दुसरा म्हणाला, "पळते कुठं, डबा घेऊन कामाला चाललीय." बँडवाल्यांच्या टेम्पोपाशी आले तर त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वाजवायला घेतलं, आणि मी घामानं निथळत, नव्या साडीचा काचा मारून, कोंबड्यांच्या मागून वाजत गाजत चालले. मला लाज वाटली नाही. घाटात चालताना दमायला होतं, लाज वाटायला वेळ नसतो.

ट्रकच्या चाकामागं क्लीनरनं दगड लावला होता. बाकी गासड्यांनी रस्ता बुजवलेला. क्लीनर म्हणाला, "नीचे से निकलो, मावशी." एकोणीस वर्षांची मी, पहिल्यांदाच मला कोणी मावशी म्हटलं. आम्ही ट्रकखालून रांगत पलीकडे गेलो, डोक्यात, कानात, ब्लाउजात गवत. पलीकडे अडकलेल्या गाड्या कंटाळून मोखाड्याकडे परत वळत होत्या. त्यातल्या एका जीपनं आम्हा दोघींना घेतलं आणि सासूबाईंच्या दारातच सोडलं.

सासूबाई दारातच बसल्या होत्या. पाटावर हळदकुंकू, साडी, साखरेचा पुडा, सगळं मांडलेलं. भटजी अंगणातल्या सावल्या मोजत होते. सासूबाईंनी मला खालून वर बघितलं. "एकटीच? आमचा मुलगा कुठंय?"

"अण्णांच्या मागं."

"आणि अण्णा?"

"सगळ्यांच्या मागं."

सासूबाईंनी बुधीच्या टोपलीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "आणि ही कोण?"

बुधी म्हणाली, "मी बाजाराला आली."

भटजी म्हणाले, "असं होत नाही. मुलीकडचं कोणी तरी बसलं पाहिजे."

मी म्हटलं, "मुलीकडची मुलगी आहे ना."

"मुलगी नव्हे. वडील, काका, मामा, मावशी..."

मी बुधीचा हात धरला आणि तिला पाटाशेजारी बसवलं. "ही मावशी." माझी मावशी नव्हती, आमच्या जातीचीही नव्हती, आणि त्या अंगणात हे सगळ्यांना दिसत होतं. दोन बायकांनी एकमेकींकडे बघून नाक मुरडलं. भटजींनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी मावळतीकडे बघितलं, मग माझ्या केसांतल्या गवताकडे. त्या म्हणाल्या, "भटजी, ट्रकखालून आलेली मुलगी मी परत पाठवणार नाही. घ्या उरकून."

माझी ओटी भरली. साखर दिली. मुलीकडून काही तरी द्यावं लागतं आणि टॉवेल, टोपी, नारळ तर आईच्या पिशवीत, म्हणून बुधीनं टोपलीतली एक कोंबडी काढून सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. भटजी पाय वर घेऊन पाटावर उकिडवे बसले आणि तसेच मंत्र म्हणत राहिले. कोंबडी खाली उतरली आणि पाटावरच्या अक्षता वेचायला लागली. तिला कोणी हाकललं नाही, वेळ नव्हता. सूर्य गेला तेव्हा मी साखर खात होते.

अंधार पडल्यावर जीप आली, तिच्यामागं फटफटी. ट्रक कधीच निघून गेला होता. निघताना म्हणे तो हातभर मागं आला आणि त्याच्या मागच्या जीपचे दोन्ही दिवे फुटले. अण्णा उतरल्या उतरल्या मला तेच सांगायला लागले, "बघ, सुटला की नाही?" अण्णा त्या वेळी तिथून दोन मैल मागं होते, पण पुढं मरेपर्यंत ही गोष्ट त्यांनी अशी सांगितली की जणू हातभरानं वाचले.

आईनं घाईघाईनं पिशवीतून टॉवेल टोपी काढली. भटजी म्हणाले, "आता काय उपयोग? दिवस गेला. मुलीचा साखरपुडा झाला, मुलाचा राहिला."

"म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे मुलगी ठरली. मुलगा अजून ठरलेला नाही. अधिक संपल्यावर बघू."

हे दारात उभे होते, नव्या सदऱ्यावर रस्त्याची सगळी धूळ, हातात आईनं दिलेली टोपी, घालावी की नको ते कळेना. त्यांनी भटजींना विचारलं, "मग मी आता काय करू?"

भटजींनी पंचांग मिटलं. सासूबाई म्हणाल्या, "जेव."

अधिक महिना संपल्यावर सगळ्यांना एवढी घाई झाली की थेट लग्नच लागलं, आणि यांचा अर्धा साखरपुडा राहिला तो राहिलाच. संसारात भांडणं पुष्कळ झाली, कुणाच्या होत नाहीत. प्रत्येक भांडण मी जिंकत आणलं की हे चष्मा पुसत म्हणायचे, "मी कुठं ठरलो होतो? तूच ठरली होतीस." चाळीस वर्षं मी हेच ऐकलं. खरंच होतं ते. आणि मी चालत गेले होते.